सॅफलागर डब्ल्यू-३४/७० यीस्ट: सात बॅचनंतरचा रिव्ह्यू, आणि त्यातला निम्मा पाण्याबद्दल

निकाल आधीच सांगून टाकते. घरी फिकट जर्मन लागर (थंडीत आंबवून थंडीतच मुरवलेली बिअर) करायची असेल तर फर्मेंटिसचं सॅफलागर डब्ल्यू-३४/७० हे मी वापरलेल्या ड्राय यीस्टमधलं सगळ्यात भरवशाचं यीस्ट आहे, माझ्याकडून पाचपैकी साडेचार. पण पाणी दुरुस्त न करता हेच पाकीट वापरलंत तर तुमच्या हातून दोन स्टारचा रिव्ह्यू लिहिला जाईल, आणि त्यात यीस्टची काही चूक नसेल. मी पहिल्या बॅचनंतर तसा लिहायलाच बसले होते, बरं झालं लिहिला नाही.

रेसिपी सगळ्या बॅचना जवळपास एकच ठेवली. म्युनिकची हेलेस, म्हणजे तिथली फिकट सोनेरी लागर, वीस लिटर, ४.२ किलो पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), २०० ग्रॅम हलकं म्युनिक माल्ट, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) फक्त हालरटाउअर मिटेलफ्रू जातीचे, कडवटपणा १८ आयबीयूच्या आसपास (ते कडवटपणाचं माप), सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे आंबण्याआधीची घनता, १.०४७ (साधं पाणी १.०००). या बिअरमध्ये लपायला जागाच नाही. स्टाउटमध्ये भाजलेलं माल्ट असतं, आयपीएमध्ये ढीगभर हॉप्स असतात, एखादी चूक झाली तरी त्याखाली झाकली जाते, हेलेसमध्ये माल्ट, पाणी आणि यीस्ट एवढंच, जे चुकेल ते ग्लासात उघडं पडतं.

पहिली बॅच नळाच्या पाण्यावर केली. क्लोरीन काढायला कॅम्पडेनची गोळी टाकली होती, तेवढं मला माहीत होतं (न काढलेलं क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलशी जुळलं की बिअरला दवाखान्यातल्या बँडेजसारखा वास येतो, आणि तो नंतर कशानेही जात नाही). बाकी पाण्याकडे बघितलंच नाही, पिण्यायोग्य आहे ना, झालं तर मग. यीस्टचं एक पाकीट टाकलं, बारा अंशाला ठेवलं, तीन दिवस काही हालचालच नाही. शेवटी सुरू झालं, संपलं, महिनाभर थंडीत ठेवून बाटलीत भरलं, आणि ग्लासात आलं ते असं: रंग सोनेरीच्या जागी तांबूस, वास लोण्याचा, आणि गिळल्यानंतर घशाला एक ओरखडा, कच्च्या सालीचा तुरटपणा जसा जिभेच्या कडेला धरून बसतो तसा. नवरा म्हणाला, "अगं, वाईट नाहीये, पण दुसरा ग्लास नको." लागरबद्दल याहून वाईट काय बोलणार, कारण ती प्यायचीच असते दुसऱ्या ग्लाससाठी.

मी सगळं खापर यीस्टवर फोडलं. दुसऱ्या बॅचला लिक्विड यीस्ट आणलं, मोठा स्टार्टर केला (म्हणजे यीस्ट आधी थोड्या गोड द्रावणात वाढवून घेतलं), दोन दिवस ढवळत बसले. लोण्याचा वास गेला. ओरखडा मात्र तिथेच, रंगही तसाच. म्हणजे दोन वेगळी यीस्ट, दोन वेगळे निकाल, पण एक दोष दोन्हीकडे सारखा, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की दोन्हीत सामाईक काय आहे ते बघ. पाण्याचा रिपोर्ट काढला. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल मारण्याची ताकद) कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात २१०, कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम २०, सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर. आडात जे आहे तेच पोहऱ्यात येणार.

हे आकडे बघून काय समजायचं ते थोडं सावकाश सांगते, कारण बहुतेक जण इथेच कंटाळून पुढे जातात. पाउल कोलबाख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये रेसिड्युअल अल्कलिनिटीचा हिशोब मांडला, आजही तोच वापरतात. मॅशमध्ये, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजत असताना, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम माल्टमधल्या फॉस्फेटशी जुळतात आणि थोडं आम्ल मोकळं करतात, बायकार्बोनेट ते आम्ल खाऊन टाकतं, तर दोघांच्या भांडणात शेवटी किती अल्कलिनिटी शिल्लक राहते ते मोजायचं. सोपं सूत्र असं की अल्कलिनिटीतून कॅल्शियम भागिले १.४ आणि मॅग्नेशियम भागिले १.७ वजा करायचं. माझ्या पाण्याचं २१० वजा ४३ वजा १२, म्हणजे १५५ शिल्लक. फिकट लागरला हा आकडा शून्याच्या आसपास हवा, शून्याखाली गेला तरी चालतो. १५५ वर काळी बिअर छान होते कारण भाजलेलं माल्ट स्वतःच आंबट असतं, ते उरलेली अल्कलिनिटी मारून टाकतं. पिल्सनर माल्टकडे तेवढं आम्ल नसतंच, नुसत्या डिस्टिल्ड पाण्यातसुद्धा त्याच्या मॅशचा पीएच ५.७ ते ५.८ येतो, आणि आपल्याला हवा असतो ५.२ ते ५.४. त्यात १५५ अल्कलिनिटीचं पाणी ओतलं की पीएच सहाकडे जातो, सालीतले टॅनिन सुटतात, उकळताना वॉर्ट (मॅश गाळून निघालेला गोड रस) गडद होतं, हॉप्सचा कडवटपणा खरखरीत लागतो. माझा ओरखडा, माझा तांबूस रंग, सगळ्याचं उत्तर एका आकड्यात होतं.

आणि हे माझ्या एकटीच्या नशिबी आलेलं नाही. म्युनिकचं पाणी असंच कार्बोनेटवालं, म्हणून तिथे पूर्वापार गडद डुंकेल चांगली व्हायची. उलट बोहेमियातल्या पिल्सेनचं पाणी इतकं मऊ की कॅल्शियम लिटरला दहा मिलिग्रॅमच्या आतबाहेर, तिथे १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरने ती फिकट सोनेरी बिअर काढली जिच्या मागे सगळं जग लागलं. म्युनिकच्या श्पाटेनने आपली हेलेस बाजारात आणली १८९४ साली, म्हणजे मध्ये अर्धशतक गेलं. त्या पाण्यावर फिकट बिअर करायची तर आधी कार्बोनेट काढावं लागतं, एक तर पाणी उकळून गाळ खाली बसू द्यायचा, नाहीतर चुन्याची निवळी घालून. चुना घालून पाण्यातला चुना काढणं हे ऐकायला उलटं वाटतं, पण निवळीने बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि ते खडूसारखं खाली बसतं, मी एकदा बादलीत करून बघितलं, पाणी आधी दुधाळ झालं आणि रात्रभरात तळाशी पांढरा थर. काम झालं, पण किती उरलं ते दर वेळी मोजत बसावं लागतं, म्हणून मी आरओवर गेले.

तिसरी बॅच नुसत्या आरओच्या पाण्यावर, काहीही न घालता. मॅशचा पीएच आला ५.७२, अगदी पुस्तकातल्यासारखा. बिअर पहिल्या दोन्हींपेक्षा कितीतरी स्वच्छ, ओरखडा जवळजवळ गेला, पण चव पोकळ, घोट गिळला की काहीच मागे उरत नाही, फेसही पटकन बसला. म्हणजे वाईट पाणी काढणं हे अर्धंच काम आहे, चांगलं पाणी परत बांधावं लागतं. बरेच लोक नेमके इथे थांबतात आणि म्हणतात आरओने बिअर बेचव होते. आरओने काही होत नाही हो, आरओ म्हणजे कोरी पाटी आहे, त्यावर लिहायचं तुम्हालाच आहे.

चौथ्या बॅचपासून आजपर्यंत मी जे करते ते असं. एकूण तीस लिटर आरओचं पाणी लागतं, त्यात ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि १ ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट). हिशोबाने कॅल्शियम ३५, क्लोराइड ४८, सल्फेट १९ मिलिग्रॅम प्रति लिटर होतं. कोणी म्हणेल कॅल्शियम ५० च्या वर पाहिजे, मी दोन्ही करून बघितलं, लागरला ३५ वर काही अडत नाही, गाळ छान बसतो, यीस्टही वेळेवर खाली जातं. क्लोराइडने घोट गोल आणि भरीव लागतो, हेलेसला तेच पाहिजे. सल्फेटने कडवटपणा कोरडा आणि टोकदार होतो, त्यामुळे तेच पाणी उत्तर जर्मनीच्या पिल्ससाठी करायचं असेल तर मी दोन्ही क्षार दोन-दोन ग्रॅम घेते, सल्फेट ३७ आणि क्लोराइड ३२ येतं, हॉप्स ३२ आयबीयूपर्यंत चढवते. सहावी बॅच अशीच केली होती, तेच यीस्ट, जवळपास तेच माल्ट, बिअर मात्र पूर्ण वेगळी, शेवट इतका कोरडा की लगेच पुढचा घोट घ्यावासा वाटतो. मॅग्नेशियम घालायची गरज नाही, माल्टमध्येच पुरेसं असतं. झिंकचं मात्र तसं नाही, माल्टमधलं बरंचसं गाळात निघून जातं आणि आरओमध्ये मुळात नसतं, म्हणून उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत चिमूटभर यीस्ट न्यूट्रिएंट टाकते.

कॅल्शियम क्लोराइडबद्दल एक सांगायलाच हवं. ते हवेतलं पाणी इतक्या अधाशीपणे ओढतं की डबी दोन-चार वेळा उघडली की दाणे एकमेकांना चिकटतात, मग तळाशी ओल दिसते, आणि तुम्ही तराजूवर तीन ग्रॅम म्हणून जे मोजता त्यात क्षार किती आणि पाणी किती काहीच कळत नाही. मी आता नवी डबी आणली की एकदाच सगळं मोजून डिस्टिल्ड पाण्यात विरघळवते, एक लिटरमध्ये शंभर ग्रॅम, म्हणजे तीन ग्रॅम पाहिजे तर तीस मिलिलिटर सिरिंजने काढायचं. (पाण्यात टाकल्यावर बाटली चांगली गरम होते, घाबरू नका, पण काचेची पातळ बाटली घेऊ नका.) एवढ्या एका गोष्टीने माझे आकडे बॅचमागून बॅच जुळायला लागले.

क्षारांनी पीएच थोडाच उतरतो, बाकीचं आम्लाने करावं लागतं. जर्मनीत बिअरमध्ये बाहेरचं आम्ल घालायची रीत नाही, तिथे साउरमाल्ट वापरतात, म्हणजे ज्यावर लॅक्टिक आम्ल धरलेलं असतं असं माल्ट, आणि ठोकताळा असा की एकूण माल्टच्या एक टक्का साउरमाल्टने पीएच साधारण ०.१ उतरतो. मी ४.४ किलोला १३० ग्रॅम टाकते, म्हणजे तीन टक्के. ८८ टक्क्यांच्या लॅक्टिक आम्लाचे तीन-साडेतीन मिलिलिटर घातले तरी तेच होतं आणि ते स्वस्त आणि अचूक पडतं, चवीत मला दोन्हींत फरक लागला नाही. पण साउरमाल्ट घातलेला मॅश ढवळताना मला जास्त समाधान वाटतं, आता हे आवडीचं झालं, त्याला कारण नाही. स्पार्जचं पाणीही, म्हणजे मॅशमधली उरलेली साखर धुऊन काढायचं पाणी, मी थोडं आम्ल घालून साडेपाचच्या आसपास आणते, आरओ असेल तर दोन-चार थेंब पुरतात. शेवटच्या शेवटच्या वॉर्टचा पीएच सहावर गेला की तिथूनही तुरटपणा येतो, मग मॅश कितीही चांगला असो.

पीएच मोजताना मी सुरुवातीला मोठी चूक करत होते, मीटरची कांडी सरळ गरम मॅशमध्ये बुडवायचे आणि ५.२ दिसलं की खूश. मीटरवर लिहिलेलं असतं की तापमान आपोआप दुरुस्त होतं, पण ती दुरुस्ती फक्त कांडीची असते, मॅशचा पीएच मुळातच तापल्यावर उतरतो, ६५ अंशाला साधारण ०.३ कमी दिसतो. म्हणजे माझा ५.२ खरं तर ५.५ होता. आता मॅश सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांनी दोन चमचे पातळ वॉर्ट स्टीलच्या बशीत पसरते, बशी थंड पाण्यावर तरंगत ठेवते, मिनिटभरात पंचवीस अंशावर येतं, मग मोजते. चौथ्या बॅचला त्या बशीत ५.३६ दिसलं तेव्हा मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं होतं. आणि मीटर दर वेळी ४.०१ आणि ७.०० च्या बफरमध्ये लावून घ्या, कांडी कोरडी ठेवू नका, डिस्टिल्ड पाण्यातही ठेवू नका, पोटॅशियम क्लोराइडचं स्टोरेज सोल्यूशन असतं त्यातच ठेवा. माझी पहिली कांडी कोरडी राहून गेली, चूक माझीच. टीडीएस मीटरने हे काम होत नाही, तो एकूण विरघळलेलं किती ते सांगतो, त्यात अल्कलिनिटी किती हे त्याला कळत नाही, आरओचा फिल्टर संपत आला का एवढं बघायला तो ठीक.

आता यीस्ट. हा स्ट्रेन मूळचा म्युनिकजवळच्या फ्रायझिंगमधल्या वाइहेनश्टेफानचा, ३४/७० हा तिथल्या यीस्ट बँकेतला नंबर, आणि जगभरातल्या कितीतरी लागर ब्रूअरी हाच वापरतात. २००९ मध्ये लागर यीस्टचा पहिला जीनोम वाचून प्रसिद्ध केला तोही याच स्ट्रेनचा. लागर यीस्ट ही दोन यीस्टची संकर जात, एक आई-बाप म्हणजे ओळखीचं एल यीस्ट (एल म्हणजे उबेत आंबवलेली बिअर) सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए, दुसरा कोण ते कितीतरी वर्षं कोडंच होतं, २०११ मध्ये पॅटागोनियाच्या जंगलातल्या झाडांवर सॅकरोमायसिस युबायानस सापडलं तेव्हा उलगडलं. थंडीत काम करायची ताकद त्या जंगली बाजूकडून आली. हे वाचल्यापासून पाकीट हातात घेतलं की मला ते जंगल आठवतंच.

पाकीट साडेअकरा ग्रॅमचं. चांगलं पाकीट हातात विटेसारखं घट्ट लागतं, कारण आतली हवा काढलेली असते. एकदा एका दुकानातून आणलेलं पाकीट दाबल्यावर मऊ लागलं, आतले दाणे सुटे हलत होते, म्हणजे कुठूनतरी हवा शिरली होती, ते मी वापरलं नाही, तुम्हीही वापरू नका, दुकानात दाबून बघूनच घ्या. उघडलेलं पाकीट नीट बंद करून फ्रिजमध्ये ठेवलं तर आठवड्याच्या आत संपवायचं.

आणि कितीतरी लोक जिथे हात आखडता घेतात ती गोष्ट म्हणजे यीस्टचं प्रमाण. लागरला एलच्या जवळपास दुप्पट यीस्ट लागतं, ठोकताळा आहे दर मिलिलिटरला, दर डिग्री प्लेटोला (वॉर्टमधल्या साखरेचं माप) पंधरा लाख पेशी. वीस लिटर, ११.७ प्लेटो, म्हणजे साडेतीनशे अब्ज. कंपनीचं स्वतःचं सांगणं आहे की १२ ते १८ अंशाला टाकायचं तर हेक्टोलिटरला ८० ते १२० ग्रॅम, म्हणजे वीस लिटरला १६ ते २४ ग्रॅम, सरळ दोन पाकिटं. बारा अंशाच्या खाली टाकायचं तर आणखी जास्त. मी पहिल्या बॅचला एकच टाकलं होतं, म्हणून ते तीन दिवस गप्प बसलं आणि म्हणून लोण्याचा वास राहिला, दमलेल्या यीस्टकडे शेवटचं साफसफाईचं काम करायला जोर उरत नाही. दोन पाकिटं टाकल्यापासून बारा अंशाला चोवीस तासांच्या आत फेस दिसतो. आधी पाण्यात भिजवायची गरज नाही, कंपनी सांगते सरळ वॉर्टवर भुरभुरा, मी दोन्ही करून बघितलं, फरक दिसला नाही, आता फर्मेंटर भरत असतानाच वरून टाकते. वॉर्टमध्ये हवा खेळवायचाही फार खटाटोप लागत नाही, ड्राय यीस्ट बनवतानाच त्याच्या अंगात स्टेरॉल भरलेले असतात.

पुढचं वेळापत्रक माझ्याकडे असं चालतं. बारा अंशाला टाकलं, दुसऱ्या दिवशी पातळ पांढरा थर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाड फेस आणि एअरलॉकमधून सडक्या अंड्याचा वास. पहिल्यांदा करणारे इथे घाबरतात आणि बॅच ओतून टाकायला निघतात. थांबा. हा हायड्रोजन सल्फाइड आहे, या स्ट्रेनकडून तो येतोच, कार्बन डायऑक्साइडबरोबर निघत राहतो आणि उरलेला थंडीत मुरताना जातो. सहाव्या-सातव्या दिवशी ग्रॅव्हिटी १.०१३ च्या आसपास आली की मी तापमान सोळा-सतराला सोडते, यीस्ट अजून जागं असताना, म्हणजे ते डायअॅसिटिल, तो लोण्याचा वास देणारा पदार्थ, परत खाऊन टाकतं. तिथे चार दिवस. ग्रॅव्हिटी १.००८ किंवा १.००९ वर थांबते, म्हणजे ८१-८३ टक्के अॅटेन्युएशन (यीस्टने किती साखर खाल्ली त्याचं प्रमाण), कंपनी ८० ते ८४ सांगते त्यातच.

थंड करण्याआधी एक चाचणी करते, ती कुणीही चुकवू नये. दोन छोट्या झाकणाच्या बाटल्यांत सँपल घ्यायचं, एक बाटली साठ-पासष्ट अंशाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, दुसरी तशीच, मग गरम केलेली थंड करून दोन्ही शेजारी धरून वास घ्यायचा. डायअॅसिटिल व्हायच्या आधीचा जो पदार्थ असतो त्याला वास नसतो, म्हणून आज बिअर स्वच्छ वाटते आणि महिन्याने बाटलीत लोणी उमटतं, गरम केल्यावर तो लगेच बाहेर पडतो. गरम बाटलीत लोण्याचा वास आला तर अजून दोन-तीन दिवस गरमच ठेवा. पाचव्या बॅचला मला असाच वास आला होता, तीन दिवस थांबले, परत चाचणी केली, गेला होता. त्या तीन दिवसांची घाई केली असती तर वीस लिटर गेले असते. मग रोज दोन अंश उतरवत एक अंशापर्यंत नेते आणि पाच आठवडे हात लावत नाही.

पाचव्या बॅचला वॉर्ट दोन फर्मेंटरमध्ये विभागलं होतं, एकात ३४/७०, दुसऱ्यात लालेमांडचं डायमंड. दोन्ही उत्तम झाल्या. माझ्या जिभेला डायमंडची थोडी जास्त मऊ आणि धान्याकडे झुकलेली, ३४/७० ची किंचित कोरडी आणि ताठ, आणि पहिले तीन आठवडे गंधकाची एक झुळूक तिच्यातच जास्त. नितळायला ३४/७० पुढे, चौथ्या आठवड्यात तिच्या ग्लासातून पलीकडची अक्षरं वाचता येत होती. फर्मेंटिसचंच एस-२३ फळांच्या वासाकडे झुकतं, ते त्याचं वैशिष्ट्यच आहे, हेलेसला मला ते नको. एस-१८९ मूळचं स्वित्झर्लंडच्या ह्युर्लिमान ब्रूअरीचं, ते मी अजून माझ्या पाण्यावर केलेलं नाही. लिक्विडमध्ये व्हाइट लॅब्सचं ८३० आणि वायीस्टचं २१२४ ही याच घराण्यातली मानली जातात, स्टार्टरची हौस आणि सवड असेल तर जरूर घ्या, पण दोन घट्ट पाकिटं जे काम बिनबोभाट करतात त्यासाठी दोन दिवस स्टार्टर सांभाळणं मी आता सोडलंय.

सातवी बॅच मुद्दाम सुरुवातीपासून सतरा अंशाला केली, कारण ज्यांच्याकडे फर्मेंटेशनसाठी वेगळा फ्रिज नाही असे कितीतरी जण विचारतात. सहा दिवसांत संपली. मुरल्यावर तीन ग्लास भरले, दोन एका बॅचचे आणि एक दुसरीचा, न सांगता पाच जणांना दिले आणि वेगळा कुठला ते ओळखायला सांगितलं. दोघांनी बरोबर ओळखला, आणि तेवढे तर नुसत्या अंदाजानेही जमतात. मला स्वतःला गरम बॅचमध्ये सफरचंदाचा अगदी पुसट वास वाटला, पण मला कुठला कुठला ते आधीच माहीत होतं, त्यामुळे माझं मत धरू नका. एवढा समजूतदारपणा दाखवणारं दुसरं लागर यीस्ट मला भेटलेलं नाही.

अर्धा स्टार का कापला, तर त्या गंधकासाठी. ज्याला तीन आठवड्यांत बिअर प्यायची आहे त्याला हे यीस्ट निराश करेल, तिसऱ्या आठवड्यात चाखलं तर तुम्ही म्हणाल काहीतरी बिघडलंय, पाचव्या आठवड्यात तेच पिंप वेगळं लागतं. आणि उकळी नव्वद मिनिटं, झाकण उघडं ठेवूनच, पिल्सनर माल्टमधून जो उकडलेल्या मक्याचा वास येतो त्याचा यीस्टशी फारसा संबंध नाही, तो उकळीतच घालवायचा असतो, उगाच त्यासाठी पाकिटाला नावं ठेवू नका.

सातव्या बॅचच्या तळाचं यीस्ट मी स्वच्छ बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवलंय, घट्ट, पांढरं, वर बिअरचा पातळ थर. परवा त्यावरच पुढची हेलेस टाकणार आहे, आरओचं पाणी भरून झालंय, तीस मिलिलिटर क्लोराइडची सिरिंज शेजारी ठेवलीये, आणि या वेळी जिप्सम अजिबात न घालता बघायचंय.